प्रतिसाद देणारी आरास

पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्याखालून भाद्रपदातील एखाद्या सायंकाळी बाहेर पडावे, तर कोणत्याही दिशेने थोडे चालताच एखादा मांडव आडवा येतोच. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन, हुतात्मा बाबू गेनू मंडळ, पलीकडे तुळशीबाग आणि शिवाजी रस्त्यावरचा दगडूशेठ हलवाई गणपती असा हा दाटीचा मुलूख आहे. या परिसराने पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांना देखावा पाहण्याची दृष्टी दिली, आणि त्यांतील पुष्कळांना, रात्री घरी परतल्यावर, आपल्या दिवाणखान्यातील मखराकडे पाहून ‘येथेही काही हलवता येईल काय’ असा विचार करण्याची सवय लावली. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा, घरचा विचार आहे. त्यातही ज्या आरासीत काही नुसते हलते वा लुकलुकते एवढेच नव्हे, तर पाहणारा समोर आला हे जाणून जी त्याला काही उत्तर देते, अशा आरासीचा येथे आढावा घ्यावयाचा आहे. अशी आरास घरच्या माणसांना, घरच्या हत्यारांनी आणि बेताच्या खर्चात करता येते काय, आणि येत असल्यास ती कशी करावी, हा मूळ प्रश्न होय.

प्रश्न आजच विचारण्याचे एक निमित्त परदेशातील मराठी कुटुंबांनी पुरवले आहे. अमेरिकेत वा इंग्लंडात राहणाऱ्या घरांत गणपतीची आरास उतरून फार दिवस लोटत नाहीत तोच ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन येतो. त्या रात्री शेजारची मुले दारोदार खाऊ मागत फिरतात, आणि पायरीवर पाऊल पडताच भोपळ्याच्या मुखवट्यात दिवा पेटावा, झुडपाआडून सांगाडा उठावा, दाराशी कोणी तरी हसावे, अशी योजना घरोघर केलेली असते. अलीकडे पुण्यातील काही गृहसंकुलांतही हा प्रकार दिसू लागला आहे. त्याच्या भयाशी आपल्या उत्सवाचे काही नाते नाही. परंतु त्याच्या रचनेशी आहे, आणि ते पुष्कळ जवळचे आहे. तेथे मुलांचा एकेक घोळका उंबरठ्यावर येतो. आपल्याकडे गौरीपूजनाच्या सायंकाळी हळदीकुंकवाला शेजारीण येते, दीड दिवसाच्या गणपतीला कचेरीतील स्नेही येतात, आणि तेही दोघेचौघे मिळूनच येतात. पाहुणा असा सुटा येतो म्हणूनच त्याला उत्तर देणे शक्य होते. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे, आणि तिचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी प्रथम मोठ्या मांडवाकडे वळले पाहिजे.

मंडईच्या भागात सार्वजनिक खर्चाचा वाद नवा नाही. १८८६ साली ही इमारत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. तत्पूर्वी तिच्या बांधकामावर मोठी रक्कम घालण्यास नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले. या इमारतीच्या अवतीभोवती वाढलेल्या गणेशोत्सवात खर्चाचा हिशेब मात्र दीर्घकाळ चातुर्यावर भागवला गेला, आणि त्यातूनच पुण्याचा ‘हलता देखावा’ घडला. शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्यासारख्या कलावंतांनी तुळशीबागेसारख्या मंडळांसाठी जी भव्य कामे केली त्यांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. मला येथे गौरव करावयाचा आहे तो पेठापेठांतील त्या अनाम सुतार-वेल्डरांचा, ज्यांनी भंगारातील यंत्रभागांतून कालियामर्दन, अफझलखानवध आणि द्रौपदीवस्त्रहरण हलवून दाखवले.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे मोटारगाडीच्या काचपुसणीची, अर्थात वायपरची मोटर. ती १२ व्होल्टवर चालते, तिच्या पोटातील मळसूत्री दंतचक्र मूळचा वेग उतरवून मिनिटाला सुमारे ४० ते ६५ फेऱ्यांवर आणते, आणि या मंद गतीत जोर एवढा असतो की पुतळ्याचा जड हात ती विनासायास उचलते. शिवाय प्रवाह तोडताच मळसूत्री रचनेमुळे हात आहे तेथेच थबकतो, गळून पडत नाही. मोटरच्या आसाला एक पट्टी, पट्टीच्या टोकाला एक सळई, सळईचे दुसरे टोक पुतळ्याच्या कोपरात, एवढ्या योजनेने वर्तुळगतीचे मागेपुढे होणाऱ्या गतीत रूपांतर होते. पट्टीवर सळई जोडण्याचे भोक केंद्रापासून जितके दूर, तितका हाताचा झोका मोठा; म्हणून जाणता कारागीर पट्टीला एक भोक न पाडता ओळीने चार पाडून ठेवतो, आणि प्रत्यक्ष मूर्ती उभी राहिल्यावर कोणते वापरावयाचे ते ठरवतो. मान डोलवण्यासाठी अंडाकृती चकती, डोळे फिरवण्यासाठी तंगूसाचा धागा, वजन तोलण्यासाठी पाठीमागे लटकवलेली वीट, हा सारा सरंजाम पडद्याआड असे, आणि पडद्यापुढे ध्वनिमुद्रित निवेदन भारदस्त आवाजात कथा सांगत असे. पुढे जिवंत देखावे आले, ज्यांत पुतळ्यांची जागा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी घेतली. पुतळ्याला जे साधत नव्हते ते, म्हणजे गर्दी पाहून संवाद लांबवणे वा आवरणे, त्यांना साधू लागले.

तथापि हलत्या देखाव्याने पाहणाऱ्याची दखल कधी घेतली नाही, आणि त्याला ती घेता येण्याजोगी नव्हती. समोरून माणसांचा प्रवाह मध्यरात्रीपर्यंत अखंड चाललेला असताना ‘कोणी आले’ या घटनेला काही अर्थच उरत नाही. तेथे संवेदक बसवला तर तो सायंकाळी सहाला जागा होईल आणि मध्यरात्रीपर्यंत क्षणभरही मिटणार नाही. म्हणून मंडळांनी ठरावीक वेळाने पुनरावृत्त होणारा खेळ स्वीकारला तो योग्यच होता. प्रतिसादाची कला मोठ्या मांडवाची नव्हे. ती घराची आहे. जे गृहस्थ मंडळाच्या देखाव्याची लहान प्रतिकृती घरात मांडतात, आणि दिवसभर एकच हत्ती सोंड वरखाली करीत ठेवतात, ते घराला लाभलेला हा विशेष हक्क वाया घालवतात असे मला प्रामाणिकपणे वाटते.

प्रकाशाच्या बाबतीत घरगुती कल्पकतेची परंपरा अधिक जुनी आणि, मला वाटते, अधिक मोहक आहे. ज्यांचे बालपण नळीदिव्यांच्या काळात गेले त्यांना स्टार्टरची युक्ती आठवत असेल. त्या पांढऱ्या डबीच्या आत वायूने भरलेली काचेची इवली कुपी असते, तीत दोन धातूंच्या जोडाची एक वाकडी पट्टी असते. हा स्टार्टर साध्या तारेच्या दिव्याशी एकामागे एक असा जोडला की प्रथम कुपीत मंद नारिंगी प्रभा उमटते, त्या उष्णतेने पट्टी सरळ होऊन टोकाला टेकते आणि दिवा पेटतो. पण टेकताच ती प्रभा नाहीशी होते, पट्टी निवते, मागे सरते आणि दिवा विझतो. हे चक्र किंचित अनियमित चालते, आणि ही अनियमितताच त्याचे सौंदर्य होय. मखरामागे तो दिवा असा फडफडे की जणू आत होमकुंड धगधगते आहे. अर्थात घरच्या २३० व्होल्टच्या उघड्या तारांशी मुलांनी केलेला तो खेळ होता, आणि आज कोणी त्याचे अनुकरण करू नये. शिवाय एलईडी दिवा इतका अल्प प्रवाह ओढतो की त्याच्याशी स्टार्टरचे जमतही नाही. याच घराण्यातील दुसरी स्मरणीय वस्तू म्हणजे दिवाळीच्या किल्ल्यातील कारंजे: सलाईनची रिकामी बाटली खिडकीच्या गजाला उलटी टांगावी, नळी मातीखालून न्यावी, तोंडाशी बॉलपेनची रिकामी नळी बसवावी आणि नळीवरचे चाक सैल करावे. धार बाटलीतील पाण्याच्या पातळीहून वर कधीच चढत नाही, हा जलस्थितीचा नियम आमच्या कित्येक मुलांना शाळेआधी किल्ल्याने शिकवला.

प्रतिसादाची कल्पना मात्र आधुनिक विजेची मक्तेदारी नव्हे. अलेक्झांड्रियाच्या हेरोनने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अशी योजना वर्णिली आहे की वेदीवर अग्नी पेटवताच खालच्या पात्रातील हवा प्रसरण पावावी, तिने पाणी दुसऱ्या भांड्यात ढकलावे, आणि त्या भाराने देवळाचे दार उघडावे. भक्ताने काही केले आणि देवालयाने उत्तर दिले, असा तो संवाद होता. आपल्याकडे अकराव्या शतकातील भोजराजाच्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात यांत्रिक द्वारपालांचीही कल्पना आढळते. नेत्रभ्रमाच्या क्षेत्रात १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून रंगमंचावर ‘भूत’ अवतरवले, तो प्रयोग घरगुती आरासीला आजही उपयुक्त आहे. मखरापुढे काच ४५ अंशांच्या कोनात तिरपी उभी करावी, बाजूच्या काळ्या खोक्यात एखादी वस्तू ठेवावी, आणि त्या खोक्यातील दिवा हळूहळू वाढवावा. वस्तूचे प्रतिबिंब काचेत असे उमटते की रिकाम्या जागी ती अधांतरी प्रकट झाली असा भास होतो. हॅलोविनवाले त्यात कवटी ठेवतात. त्याच खोक्यात दूर्वांची जुडी वा मोदक ठेवला, आणि पाहुणा आला की दिवा वाढेल अशी तजवीज केली, तर केवळ एक काच आणि एक दिवा यांच्या बळावर जे साधते ते दहा मोटरींनी साधत नाही.

आता मूळ मुद्दा: पाहुणा आला हे आरासीने जाणावे कसे? येथे साधने अनेक आहेत. सर्वांत सरळ म्हणजे पायाखालची कळ. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांना आतून अल्युमिनियमचा पातळ कागद चिकटवावा, मध्ये भोके पाडलेला स्पंज ठेवावा आणि हे सर्व पायपुसण्याखाली सरकवावे. पाऊल पडले की दोन्ही कागद टेकतात आणि मंडल पूर्ण होते. दुसरे, दाराच्या कडेला चुंबक आणि चौकटीला चुंबकाने चालणारी कळ. ही दोन साधने दिसायला दरिद्री, पण त्यांच्यासारखे विश्वासू दुसरे नाही, आणि नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. तिसरे, ज्याची आज सर्वत्र चलती आहे ते पीआयआर संवेदक, जे देहाच्या उष्णतेतील हालचाल सुमारे सात मीटरपर्यंत ओळखते. ते वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. एक, ते समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्या माणसाला लवकर ओळखते, म्हणून ते मखराच्या मध्यावर न बसवता बाजूच्या भिंतीला, येणाऱ्याच्या वाटेला आडवे बसवावे. दुसरी खास आपल्या घरांची: ते उष्णतेवर चालत असल्याने निरांजनाची हलती ज्योत वा समईवरून वाहणारी गरम हवा त्याला चकवू शकते, आणि ऐन आरतीत सगळी आरास वेडीपिशी होऊ शकते. चौथे, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारे यंत्र; हे सेकंदाला ४० हजार आवर्तनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून दोन सेंटीमीटरपासून चार मीटरपर्यंतचे अंतर सांगते. कठीण पृष्ठभागावर ते अचूक असते, परंतु मऊ वस्त्र ध्वनी शोषून घेते, म्हणून चुणीदार शालू नेसलेली पाहुणी त्याच्या दृष्टीने कधी कधी आलेलीच नसते. प्रकाश मोजणारा रोध, ज्याला एलडीआर म्हणतात, सर्वांत स्वस्त आहे. पण लुकलुकणाऱ्या माळांच्या घरात तो निरुपयोगी.

जाणल्यानंतर करावयाचे काय, हे ठरवणारे छोटे डोके लागते. १९७१ साली हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ५५५ ही वेळमापक चकती अद्याप सर्वत्र मिळते, आणि ‘कळ दाबली की दहा सेकंद दिवा लावून मग विझव’ एवढे काम ती एकटी, एका ओळीचीही संगणकीय आज्ञा न लिहिता करते. त्याहून गुंतागुंतीचे काम हवे असेल तर २००५ साली इटलीतील इव्रेया गावी, मुख्यतः कलाविद्यार्थ्यांसाठी, निर्माण झालेले आर्डुइनो आहे. त्याची रचना खुली असल्याने नकलाही पुष्कळ आणि स्वस्त आहेत, आणि शाळकरी मुले आज त्याच्याशी आमच्या पिढीने मेकॅनोशी केली तशी सलगी करताना दिसतात.

एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण सिद्धान्तापेक्षा त्यातून अधिक उमगेल. गौरींपुढे पुठ्ठ्याचा उंदीर बसवावयाचा आहे. पाहुणी पाटापाशी आली की त्याने मान वर करून तिच्याकडे पाहावे आणि ती वळली की पुन्हा लाडवाकडे तोंड खाली घालावे, एवढीच अपेक्षा. मानेसाठी नऊ ग्रॅम वजनाची छोटी सर्व्हो मोटर पुरते. ती अर्ध्या वर्तुळात सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबते. मान बिजागरीवर बसवून कानामागून सायकलच्या स्पोकचा तुकडा सर्व्होच्या दांडीला जोडला की यंत्रभाग झाला. पण मोटरला थेट ‘शून्यातून साठ अंशांवर जा’ असे सांगितले तर ती एक दशांश सेकंदात मान झटकते, आणि समोरचा उंदीर न वाटता सापळ्याची स्प्रिंग वाटते. म्हणून आज्ञा अंशाअंशाने द्यावी, दर अंशानंतर क्षणभर थांबावे, आणि वरच्या टोकाशी येताना थांबणे वाढवत न्यावे. मग त्या हालचालीत जीव येतो. वर पोहोचल्यावर दोन सेकंद स्तब्ध राहून मान किंचित बाजूला कलवली, तर पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास उद्गार निघतो. मोटरसाठी वीज आर्डुइनोतून न घेता वेगळ्या पाच व्होल्टच्या अडॅप्टरमधून घ्यावी आणि दोहोंच्या ऋण तारा एकत्र बांधाव्यात. अन्यथा मोटरने जोर करताच आर्डुइनोचे भान हरपते आणि सगळे पुन्हा आरंभापासून सुरू होते. घरोघरच्या अपयशांपैकी फार मोठा भाग या एका तारेच्या विसरण्यात असतो.

हॅलोविनची आणि आपली रीत येथे वेगळी होते. भय दाखवावयाचे तर विलंब नको. पाऊल पडताच सांगाडा उठला पाहिजे, प्रकाश एकदम आला पाहिजे. स्वागत करावयाचे तर उत्तर उशिरा आणि मंद यावे. पाहुण्याने हात जोडावेत, मान लववावी, आणि मग त्याला जाणवावे की मखरातील कमळे हळूहळू उजळली आहेत. तसेच माझ्या मते मूर्तीला हात, डोळे वा सोंड हलवावयास लावू नये. प्राणप्रतिष्ठा केलेल्या मूर्तीपुढे आपण यंत्राचा चमत्कार मांडत नाही. परिवार हलावा, उंदीर, मोर, हत्ती, घंटा, पाणी, प्रकाश हलावेत, पूज्य मूर्ती स्वस्थ असावी. २०१७ साली पुण्यात एका औद्योगिक यंत्रबाहूने गणपतीला आरती ओवाळल्याचे चलच्चित्र जगभर पाहिले गेले. अभियंत्यांनी आपले हत्यार देवापुढे ठेवावे यात भक्तीच आहे, हे मान्य करूनही मला वाटते की ओवाळणे माणसाने करावे आणि यंत्राने ओवाळणाऱ्यास उजेड दाखवावा.

साहित्यासाठी पुणेकराला दूर जावे लागत नाही. मंडईतून बाहेर पडून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत शिरावे. संवेदक, सर्व्हो, अडॅप्टर, तारा, एलईडीच्या पट्ट्या सगळे तेथे आहे, आणि गिऱ्हाइकाला नेमके काय करावयाचे आहे हे ऐकून सल्ला देणारे जुने दुकानदार अजूनही आहेत. बिजागऱ्या, सळया, पत्रा यांसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, मोडक्या यंत्रांतील दंतचक्रे आणि मोटरी यांसाठी बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, आणि छोटी भांडी, झालरी, टिकल्या यांसाठी तुळशीबाग. ज्यांना मुलांसह आरंभ करावयाचा आहे त्यांनी अरविंद गुप्ता यांनी पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून घडवलेले टाकाऊतून टिकाऊ खेळण्यांचे भांडार अवश्य पाहावे. तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक चुंबक, एक घट आणि दोन सेफ्टीपिना एवढ्यावर फिरणारी मोटर ज्या मुलाने स्वतः केली, त्याला वायपरची मोटर परकी वाटत नाही.

आरासीच्या देहाविषयी निर्णय कायद्याने पुष्कळसा करून टाकला आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी घातली, आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती सवलत मागणाऱ्यांना उच्च न्यायालयाने दिलासा दिला नाही. तेव्हा हळहळणारे आज पुठ्ठा, बांबू, कागद आणि कापड यांच्याकडे परतले आहेत, आणि यंत्रकामाच्या दृष्टीने ते इष्टच झाले. थर्माकोलमध्ये स्क्रू धरत नसे, मोटरच्या हादऱ्याने त्याचा चुरा होई, आणि ठिणगीने तो भडके. तीन पदरी पुठ्ठा या तिन्ही बाबतींत उजवा आहे. कागद आणि कापडही पेट घेतातच, म्हणून सर्व हालचाल व प्रकाश ५ किंवा १२ व्होल्टवर ठेवावा, २३० व्होल्टची तार मखराच्या आत मुळीच नेऊ नये, आणि घरच्या वीजफलकात ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक उपकरण आहे ना, हे उत्सवापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे. स्वतंत्रपणे रंगवता येणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या पूर्ण पांढऱ्या लावल्यास प्रत्येक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. शंभर दिव्यांना सहा अँपिअर लागतात, आणि भ्रमणध्वनीच्या चार्जरवर हा भार टाकणारे चार्जर तापून बंद पडल्याची तक्रार करतात ती यामुळेच.

ध्वनीविषयी मी कडक मत राखून आहे. सार्वजनिक ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर २००० सालच्या नियमांचे बंधन आहे. घरात तसा अंमलदार नसल्याने आपणच तो व्हावे. प्रत्येक पाहुण्यामागे तीच आरती मोठ्याने सुरू होणारे मखर दुसऱ्या दिवशी घरच्याच माणसांना नकोसे होते. छोट्या ध्वनियंत्रावर घरातील आजीच्या आवाजात ‘या, बसा’ एवढे दोन शब्द ध्वनिमुद्रित करून ते हळू वाजवावेत, आणि एकदा वाजल्यावर पुढची दहा मिनिटे पुन्हा वाजू नयेत अशी आज्ञा घालावी. ही दहा मिनिटांची अट लिहिणे हा आर्डुइनो शिकणाऱ्या मुलाला द्यावयाचा उत्तम पहिला गृहपाठ आहे.

बाजारात हल्ली तयार संचही मिळतात, ज्यांत पाहुणा येताच गजर, धूर आणि रंगीत प्रकाश एकाच वेळी सुरू होतात. वेळ नसलेल्या कुटुंबाने ते घेतले तर त्यात दोष काढण्याचे कारण नाही; परंतु ते बिघडले की उघडता येत नाहीत, आणि गौरी जेवायच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता बिघडलेली वस्तू जर घरातील कोणालाच उघडता येत नसेल, तर ती त्या घराची झालीच नाही. म्हणून जोडण्या डाग देऊन कायमच्या न करता स्क्रूच्या पट्टीत कराव्यात, तारांना रंगीत चिठ्ठ्या बांधाव्यात, आणि विसर्जनानंतर सर्व भाग एका डब्यात घालून त्यांचा कागदावर काढलेला आराखडा झाकणाला आतून चिकटवावा. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी त्या आराखड्याचे एक छायाचित्र तिकडे धाडून ठेवावे. ऑक्टोबरच्या अखेरीस, उंदराच्या जागी वटवाघूळ बसवून, तीच सर्व्हो आणि तीच आज्ञा त्यांच्या दाराशी जशीच्या तशी चालते.